चांद्याचा फास, मोलमपल्लीचा बाबुराव

चंद्रपूरचा जिल्हा तुरुंग गोंड राजांच्या जुन्या किल्ल्यात आहे. गुन्हा न करता त्याच्या आत जायची संधी चंद्रपूरकरांना क्वचितच मिळते. मोहरमच्या दिवसांत आतल्या गैबी शहा वलींच्या दर्ग्यासाठी दार उघडतं, तेव्हा हिंदू-मुसलमान सगळेच रांगेत असतात. दुसरी गर्दी होते ती २१ ऑक्टोबरला, एका पिंपळासाठी. १८५८ साली या तारखेला इथे बाबुराव पुल्लेसुरबापू शेडमाके यांना फाशी देण्यात आली. तेव्हा त्यांचं वय पंचवीस वर्षं आणि सात महिने होतं. फाशी याच पिंपळाला दिली, असं लोक मानतात. म्हणून या दिवशी सप्तरंगी झेंडे घेऊन, ‘जय सेवा’ म्हणत राजुरा, जिवती, गोंडपिपरी, अहेरीकडची माणसं इथे येतात आणि झाडाला हार घालतात.

त्याच सकाळी गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात बंदुका उलट्या धरून मानवंदना दिली जाते. २१ ऑक्टोबर हा देशभर पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली याच तारखेला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस मारले गेले, त्यांच्या आठवणीचा तो दिवस. दोन घटनांमध्ये १०१ वर्षांचं अंतर आहे आणि शेकडो कोसांचं. तारीख जुळली ती निव्वळ योगायोगाने. पण चांदा, म्हणजे चंद्रपूर, आणि गडचिरोलीच्या जंगलात या योगायोगाला फार अर्थ चिकटला आहे, कारण इथे दोन्हीकडच्या यादीत तीच आडनावं सापडतात: आत्राम, मडावी, उसेंडी, कोवे.

ब्रह्मपुरी या सगळ्याच्या काठावर आहे. वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला जुन्या चांदा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तेव्हा ब्रह्मपुरी अलीकडे राहिली. स्वतंत्र जिल्ह्याची तिची मागणी तेव्हापासून तशीच आहे. पण शाळा-कॉलेजं, दवाखाने, बाजार यांसाठी वडसा, आरमोरी, कुरखेड्याची माणसं नदी ओलांडून इकडेच येतात. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धापा टाकत पळणारी पोरं दिसतात, ती पोलीस भरतीची तयारी करत असतात. धानाची कापणी, भाऊबीजेनंतरची मंडई, रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं आणि भरतीची धाव, असा हा हंगाम आहे. बाबुरावाची गोष्ट इथे पुस्तकातून कमी आणि तोंडातोंडीच जास्त पोचते. तोंडातोंडी पोचलेल्या गोष्टीत बऱ्याच गोष्टी गळतात आणि काही नव्या चिकटतात. म्हणून ती एकदा सरळ सांगायला हवी.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरी भागातल्या किष्टापूरचा. वडील पुल्लेसुरबापू मोलमपल्लीचे जमीनदार, आई जुर्जाकुंवर. राजगोंड घराणं, पण फार मोठं नव्हे. मोलमपल्ली अहेरीच्या मोठ्या जमीनदारीच्या छायेतली. इंग्रजी शिक्षणासाठी वडिलांनी मुलाला रायपूरला पाठवलं होतं, असं त्यांच्या चरित्रात येतं. म्हणजे पुढे ज्यांच्याशी लढायचं होतं, त्यांची भाषा या मुलाच्या कानावरून आधीच गेलेली होती.

मुलूख कोणाचा, हा प्रश्न तेव्हा ताजा होता. चांद्याच्या किल्ल्यावर इंग्रजांनी पहिला घाव घातला तो १८१८ च्या मे महिन्यात. कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने तट फोडला आणि भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. (गंगासिंगाची पुण्यतिथी कोणी करत नाही. भोसल्यांचा नोकर, बाहेरचा माणूस. त्याच्यामागे जात-जमात उभी राहिली नाही. स्मरणाला माणसं लागतात आणि ती पिढ्यानपिढ्या लागतात.) पुढे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, नागपूरचं राज्य खालसा झालं आणि १८५४ च्या डिसेंबरात आर. एस. एलिस हे चांद्याचे पहिले इंग्रज जिल्हाधिकारी झाले. जमीनदारांच्या डोक्यावर आता भोसल्यांचा सुभेदार नव्हता, कंपनीचा साहेब होता. सुभेदाराशी घासाघीस करता येत असे. साहेब कागद मागत असे.

१८५७ च्या जूनमध्ये नागपुरात घोडदळाचा उठाव व्हायच्या आतच मोडला गेला. भोसल्यांची वृद्ध राणी बाकाबाई यांनी आपल्या माणसांना शांत ठेवलं, त्याचाही त्यात मोठा वाटा होता. त्यामुळे विदर्भात १८५७ घडलंच नाही, असं आपण शाळेत शिकलो. घडलं, पण एक वर्ष उशिरा आणि नागपूरपासून दूर, जिथे तार आणि पलटण दोन्ही पोचायला वेळ लागत होता.

सप्टेंबर १८५७ मध्ये बाबुरावांनी आडपल्ली, मोलमपल्ली, घोट या भागातले पाचेकशे तरुण गोळा केले. या दलाला ‘जंगोम दल’ म्हणतात. ७ मार्च १८५८ ला त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. तिथला प्रमुख रामजी गेडाम या लढाईत मारला गेला. हे नाव लक्षात ठेवावं असं आहे. पहिल्याच झडपेत पडलेला माणूस इंग्रज नव्हता, गोंड होता.

चांद्याला तेव्हा कॅप्टन क्रिक्टन जिल्हाधिकारी होता. त्याने फौज धाडली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली आणि बाबुरावांची सरशी झाली. मग आडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. त्यांच्याबरोबर रोहिले आले, म्हणजे पगारावर लढणारे शिपाई. फौज हजाराच्या वर गेली. गढीसुर्ल्याचा डोंगर, सगणापूर, बामनपेठ अशा ठिकाणी चकमकी झडत राहिल्या. या लढाया नकाशावर मांडल्या तर चिमूटभर जागा व्यापतात. पण त्या मुलखात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं म्हणजे मध्ये नदी, बांबूचं रान आणि वाघ. रस्ता कोणाला माहीत आहे यावर जय-पराजय ठरत होता आणि तो बाबुरावांच्या माणसांना माहीत होता.

२९ एप्रिलच्या घटनेने सगळं फिरलं. प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याचे गोरे कर्मचारी तळ ठोकून होते: गार्टलँड, हॉल आणि पीटर. त्यांच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले. पीटर निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला. आजच्या वाचकाला दोन तारवाल्यांना मारण्यात काय पराक्रम, असं वाटेल. पण १८५७ च्या धामधुमीत बातमी पुढे पाठवणारी तारच इंग्रजांच्या कामी आली होती. हे जंगल इतकी वर्षं राखलं गेलं ते बातमी हळू पोचते म्हणूनच. तारवाल्यांवरचा वार हा त्या जंगलाच्या बाजूने विचार केला तर आंधळा म्हणता येत नाही. बाबुरावांनी तो हिशेब करूनच घातला, असं मात्र ठामपणे म्हणण्याइतका कागद हाती नाही. त्यांच्या हातची एक ओळही आपल्यापर्यंत आलेली नाही. ज्यांनी त्यांना फासावर दिलं, त्यांनी जे लिहून ठेवलं त्यावरच त्यांचं चरित्र उभं आहे.

दोन गोरे मेल्यावर क्रिक्टनने हजार रुपयांचं इनाम लावलं आणि दुसरा डाव टाकला. अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिला त्याने आपल्या बाजूला ओढलं. त्याच वर्षी, जूनमध्ये, झाशीची लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ लढताना पडली होती. एकाच नावाच्या दोन बायका, एकाच वर्षी, दोन टोकांना. नाटककाराने हे जुळवून आणलं असतं तर प्रेक्षकांनी खोटं म्हटलं असतं.

बाबुराव एकदा भोपालपट्टणमच्या बाजूला सापडले होते, पण तिथून निसटले. अखेर १८ सप्टेंबर १८५८ ला लक्ष्मीबाईच्या माणसांनी त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. चांद्याला खटला झाला आणि महिना-सव्वा महिन्यात फाशी.

यानंतर अकराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १८५८ ला, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा देशभर वाचून दाखवण्यात आला. कंपनीचं राज्य संपलं आणि बंडखोरांना माफी जाहीर झाली. इंग्रज प्रजाजनांच्या खुनात ज्यांचा प्रत्यक्ष हात होता ते सोडून. चिंचगुंडीमुळे बाबुराव या माफीत बसले नसतेच. तरी तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की घाई कोणाला होती हे समजतं.

व्यंकटराव बस्तरकडे पळाले. दोनएक वर्षांनी तिथल्या राजाने त्यांना पकडून दिलं आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांची जमीनदारी जप्त झाली. त्यातली ६७ गावं लक्ष्मीबाईला बक्षीस मिळाली.

आजच्या भाषणांत लक्ष्मीबाईचा उल्लेख एका शब्दात उरकला जातो आणि तो शब्द चांगला नसतो. ते थोडं सोपं झालं. अहेरीची जमीनदारी त्या भागातली सर्वांत मोठी. तिच्या छायेतला एक तरुण जमीनदार स्वतःची फौज उभारतो, शेजारच्या परगण्यावर चालून जातो, हा अहेरीच्या दृष्टीने इंग्रजांइतकाच धोका होता. नागपूरला बाकाबाईंनी केलं तेच तिने केलं: हरणारी बाजू ओळखली आणि आपलं संस्थान वाचवलं. बाकाबाईंना नागपूरने माफ केलं. लक्ष्मीबाईला चांद्याने केलं नाही, कारण तिने एका जिवंत माणसाला पकडून दिलं आणि त्याचे हातोहात दाम घेतले.

इंग्रज गॅझेटिअरांतला बाबुराव म्हणजे परगणा लुटणारा एक छोटा जमीनदार. मोर्च्यातला बाबुराव म्हणजे क्रांतिसूर्य. दोन्ही चित्रांत रोहिले बसत नाहीत आणि रामजी गेडामही बसत नाही. पण सहा महिने, पंचवीस वर्षांच्या एका मुलाने, तोफखाना नसताना, जिल्हाधिकाऱ्याच्या फौजेला झुंजवत ठेवलं, हे तर शत्रूच्याच कागदात आहे. लूट आणि लढा यांतली रेघ १८५८ मध्ये झाशीत, कानपुरात, जगदीशपुरातही तितकीच पुसट होती. तिथल्या वीरांना ती माफ करायची आणि मोलमपल्लीच्या वीराचा मात्र जमाखर्च मांडायचा, हे बरोबर नाही.

लोकांनी मधल्या शंभर वर्षांत आपला बाबुराव वेगळ्या वाटेने जपला. फाशीचा दोर तुटला, पुन्हा बांधला, पुन्हा तुटला, असं सांगतात. जंगलातलं काहीतरी खाल्ल्याने त्यांच्या अंगाला शस्त्र लागत नव्हतं, असं सांगतात. शेवटी इंग्रजांनी देह चुनकळीत टाकला म्हणून समाधी नाही, असंही सांगतात. या कथा खऱ्या की खोट्या हा प्रश्न इथे गैरलागू आहे. ज्याचा देह घरच्यांच्या हाती आला नाही, त्याच्याबद्दल अशाच कथा होतात. ढोलाच्या तालावर, रेला नाचाच्या फेरात हा माणूस शंभर-सव्वाशे वर्षं राहिला, तेव्हा ना पुतळा होता ना जयंतीची मिरवणूक. टपाल खात्याने तिकीट काढलं ते एकविसाव्या शतकात. सरकारी अभिवादनाची परिपत्रकं त्यानंतरची.

आता त्याच तारखेच्या दुसऱ्या बाजूकडे.

१९८० साली गोदावरी ओलांडून नक्षलवाद्यांची पहिली तुकडी सिरोंच्याकडे आली. तिचा म्होरक्या पेद्दी शंकर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोयाबिनपेठ्याला पोलिसांच्या गोळीने मेला. त्यानंतरची पंचेचाळीस वर्षं या जंगलात जे चाललं त्याला सरकारने कधी युद्ध म्हटलं नाही. एकट्या २००९ साली काय झालं पाहा. १ फेब्रुवारीला धानोरा तालुक्यात मरकेगावला पंधरा पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोट्याला सोळा, त्यांत पाच महिला. ८ ऑक्टोबरला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस असताना, भामरागडमधल्या लाहेरीला सतरा. तीन दिवसांत ४८ माणसं गेली. युद्ध या शब्दाला आणखी काय हवं होतं, असं कोणी विचारलं तर उत्तर देणं कठीण आहे.

या पोलिसांत सी-६० चे जवान बरेच. १९९० मध्ये तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ कमांडोंचं हे पथक उभं केलं. त्यामागचा विचार साधा होता: जंगल ज्याला पाठ आहे आणि गोंडी-माडिया ज्याची बोली आहे, तोच या जंगलात लढू शकतो. १८५८ मध्ये क्रिक्टनला नेमकं हेच कळायला उशीर झाला होता. समोर नक्षलवाद्यांच्या दलममध्येही तशाच गावांतली, त्याच बोलीची मुलं होती. एका आडनावाचे दोन तरुण दोन गणवेशांत समोरासमोर यावेत, असं या जिल्ह्यात वारंवार घडलं. राजगडच्या रामजी गेडामपासून चालत आलेली ही गोष्ट आहे.

ब्रह्मपुरीला सगळ्यांत जवळून बसलेला धक्का १ मे २०१९ चा. नदीपलीकडे कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं रात्रीतून जाळली. महाराष्ट्र दिनाच्या दुपारी शीघ्र कृती दलाचे जवान तिकडे निघाले. चिलखती गाडी नव्हती, भाड्याची खासगी गाडी होती. जांभुळखेड्याजवळ पुलापाशी पेरलेला भूसुरुंग फुटला. पंधरा जवान आणि गाडीचा चालक, असे सोळा जण गेले. त्यांत गडचिरोलीचे होते, तसे बीड आणि बुलडाण्याचेही होते. चालक पोलीस नव्हता. गाडी चालवणं हे त्याचं पोट होतं. शहिदांची संख्या सांगताना कुठे पंधरा म्हणतात, कुठे सोळा. हा फरक एका माणसाचा आहे आणि त्याचं घर इथल्याच मातीतलं आहे.

वर्षभराने, १७ मे २०२० ला, सगळा देश घरात बंद असताना भामरागडच्या पोयारकोठी-कोपर्शीच्या जंगलात उपनिरीक्षक धनाजी होनमाने आणि जवान किशोर आत्राम हे दोघं पडले. एकाचं गाव पंढरपूर तालुक्यातलं पुळुज, दुसऱ्याचं आडनाव अहेरीच्या राजघराण्याचंच. एकाच चकमकीत दोन घरांत एकाच वेळी आक्रोश झाला.

नक्षलवाद्यांचंही स्वतःचं स्मरण होतं. २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा त्यांचा ‘शहीद सप्ताह’. गावाबाहेर, पायवाटेच्या कडेला लाल रंगाची स्मारकं उभी राहत. पोलीस येऊन ती पाडत, कधी गावकऱ्यांच्याच हातांनी. पुढच्या जुलैत दुसरीकडे नवं उभं राहत असे. म्हणजे एकाच मुलखात तीन स्मरणं चालू होती: पिंपळाखाली बाबुरावाचं, मुख्यालयात पोलिसांचं आणि जंगलात लाल खांबाचं. पोलिसांचा खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेलेल्या गावकऱ्यांचा दिवस कुठल्याच कॅलेंडरात नाही.

दोन्हीकडच्या वक्त्यांनी बाबुरावाला आपल्याकडे ओढलं नसतं तरच नवल. कोणी त्याला राज्यसत्तेविरुद्धच्या लढ्याचा पूर्वज म्हणतं, कोणी देशासाठी प्राण देणारा पहिला जवान म्हणतं. बाबुरावाची लढाई मुलूख कोणाचा यासाठी होती आणि तो प्रश्न वनहक्काच्या दाव्यांत, सूरजागडच्या लोहखाणीच्या वादात आजही सुटलेला नाही. या प्रश्नावर पिंपळाला हार घालणाऱ्यांचं एकमत नाही आणि ते असण्याची गरजही नाही. फक्त हार घालताना रामजी गेडाम, लक्ष्मीबाई आणि रोहिल्यांसकटचा बाबुराव आपल्याला पेलतो का, हे तपासायला हवं. शाळेच्या धड्यात तो आज दोन ओळींचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना तो दोन पानांचा मिळाला तर त्यांना आपल्या जिल्ह्याचा नकाशाही त्यातून शिकता येईल, कारण चिंचगुंडी, घोट, राजगड ही गावं आजही त्याच नावांनी आहेत आणि काही ठिकाणी एसटी अजून अडखळतच पोचते.

२०२५ मध्ये गोष्टीला आणखी एक वळण आलं. १५ ऑक्टोबरला गडचिरोलीच्या पोलीस मुख्यालयात माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. सहा दिवसांनी २१ ऑक्टोबर होता आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी आलं. पोलीस स्मृतिदिनाला आदल्या १ सप्टेंबरपासून त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जातात. त्या वर्षभरात गडचिरोलीने सी-६० चे महेश नागुलवार गमावले होते. ११ फेब्रुवारीला भामरागड तालुक्यातल्या दिरंगी-फुलनारच्या जंगलात त्यांना गोळी लागली, भूपतीच्या शरणागतीच्या आठ महिने आधी.